उंची मोजावी ती जमिनीपासून

देशातील सर्वांत उंच इमारती कोणत्या, याची यादी वृत्तपत्रांत अधूनमधून छापून येते आणि ती वाचताना आपल्यापैकी अनेकांना भरून येते. शाळकरी मुले ती सामान्यज्ञानाच्या वहीत उतरवून घेतात. गावाकडून वा परदेशातून आलेल्या पाहुण्यांना वरळीच्या सागरी सेतूवरून नेताना आपण समोरच्या इमारतींकडे बोट दाखवतो आणि त्या जणू आपणच बांधल्या अशा थाटात त्यांचे मजले मोजून दाखवतो. या अभिमानाशी आम्हांला आज भांडण मांडायचे आहे. यादी खोटी आहे असे आमचे म्हणणे नाही. तिच्यातील मीटर खरे आहेत, मजलेही खरे आहेत. आमचे म्हणणे एवढेच, की ही यादी म्हणजे जमेची बाजू ठळक अक्षरांत लिहिलेली आणि खर्चाचे पान फाडून टाकलेली वही आहे. कोणतीही उंची हवेत उभी राहत नाही. ती कोणाच्या तरी जमिनीवर, कोणत्या तरी सार्वजनिक सवलतीवर आणि शेजाऱ्यांच्या वाट्याच्या ऊन-वाऱ्यावर उभी राहते. तो हिशेब मांडल्याशिवाय उंचीचा गौरव करणे हे आम्हांला अप्रामाणिकपणाचे वाटते.

प्रथम यादी काय सांगते ते नीट पाहू. येथे ‘इमारत’ आणि ‘बांधकाम’ हे दोन शब्द वेगळे ठेवावे लागतात. जिच्यात माणसे राहतात वा काम करतात आणि जिला मजले असतात ती इमारत. मनोरे, धुराडी, पुतळे, पूल ही नुसती बांधकामे. बांधकामांत भारतामध्ये सर्वांत उंच आहेत ते तामिळनाडूत तिरुनेलवेलीजवळच्या ‘आयएनएस कट्टबोम्मन’ या नौदलाच्या तळावरील मनोरे. त्यांची उंची ४७१ मीटर. १९९० साली कार्यान्वित झालेला हा तळ समुद्राच्या पोटात असलेल्या पाणबुड्यांपर्यंत संदेश पोहोचवतो. रामेश्वरमचा दूरदर्शन मनोरा ३२३ मीटर उंच आहे, तर पंजाबातील फाजिल्काचा सुमारे ३०५ मीटर. नर्मदेच्या काठी ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी अनावरण झालेला सरदार पटेलांचा पुतळा १८२ मीटरांचा आहे. काश्मिरातील चिनाब नदीवरचा रेल्वे पूल ६ जून २०२५ रोजी खुला झाला. नदीपात्रापासून त्याची उंची ३५९ मीटर आहे.

यांपैकी मनोरे आणि पूल यांच्याशी आमचे भांडण नाही. पाणबुडीपर्यंत संदेश जावा म्हणून मनोरा उंच झाला. दरी खोल म्हणून पूल उंच झाला. तेथे उंची हे साधन आहे आणि साधनाला साध्याची मर्यादा आहे. तो मनोरा आणखी शंभर मीटर वाढवावा असे कोणाही अभियंत्याला केवळ शेजारच्या राज्यावर मात करण्यासाठी वाटणार नाही.

परंतु बांधकामांच्या याच यादीत आणखी एक उंच गोष्ट आहे आणि तिच्याकडे आपण सहसा पाहत नाही. ती म्हणजे औष्णिक वीज केंद्रांची धुराडी. पाचशे मेगावॅट वा त्याहून मोठ्या संचाला २७५ मीटर उंचीचे धुराडे असावे असा आपल्या देशात नियम आहे. २७५ मीटर म्हणजे जवळजवळ चार कुतुबमिनार एकावर एक. एवढी उंची कशासाठी? कोळशाच्या धुरातील गंधकाचा विषारी वायू जवळच्या वस्तीवर न उतरता उंचावरून दूरवर पांगावा यासाठी. धुराडे उंच केल्याने विषाचा एक कणही कमी होत नाही; तो फक्त दुसऱ्या गावाला जातो. हा वायू धुरातच धुऊन काढावा यासाठी केंद्र सरकारने २०१५ साली नवी प्रमाणके घालून दिली. त्यांची मुदत पुनःपुन्हा वाढवण्यात आली आणि जुलै २०२५ मध्ये देशातील बहुसंख्य वीज केंद्रांना त्या प्रमाणकातून सूटच देण्यात आली. अट एवढीच, की धुराडे ठरलेल्या उंचीचे असावे! शुद्धीऐवजी उंची चालेल, असा हा न्याय आहे. उंचीविषयीचा पहिला धडा आम्ही येथे घेतो: आपल्या घरचा त्रास दुसऱ्याच्या अंगणात नेऊन टाकण्याची युक्ती म्हणूनही उंची वापरता येते. इमारतींकडे वळताना हा धडा वाचकांनी मनात ठेवावा.

इमारतींची यादी म्हणजे जवळजवळ मुंबईचीच यादी. नेहमीच तसे नव्हते. मद्रासची आयुर्विमा महामंडळाची इमारत १९५९ साली पुरी झाली तेव्हा अवघ्या ५४ मीटर उंचीवर ती देशातील सर्वांत उंच इमारत ठरली. पुढच्या दशकात हा मान मुंबईकडे आला. १९७० साली कफ परेडला १५६ मीटरांचे जागतिक व्यापार केंद्र उभे राहिले. त्याच्याही आधी, १८७८ साली, विद्यापीठाच्या आवारातील राजाबाई मनोरा पुरा झाला होता. प्रेमचंद रायचंद या शेठजींनी आपल्या आईच्या नावासाठी दिलेल्या देणगीतून तो बांधला गेला. त्याची उंची २८० फूट, म्हणजे ८५ मीटर, आणि त्या माथ्याखाली चारही दिशांना तोंड करून घड्याळ. त्या घड्याळात वेळ पाहण्यासाठी कोणाला वर्गणी भरावी लागत नव्हती. विद्यापीठातला पदवीधर आणि रस्त्यावरचा पाटीवाला या दोघांनाही तो मनोरा सारखीच वेळ सांगे. गिरणगावची धुराडीही याच अर्थाने सर्वांची होती. त्यांनी धूर ओकला हे खरे. पण त्यांच्या पायथ्याशी भोंगा वाजला की लाखो घरांच्या चुली पेटत.

आताच्या यादीत वरच्या बाजूला जी नावे आहेत ती पाहा. वरळीची ‘पॅले रोयाल’, सुमारे ३२० मीटर. महालक्ष्मीची ‘मिनर्व्हा’, सुमारे ३०० मीटर. लोअर परळची ‘वर्ल्ड वन’, २८० मीटर. ताडदेवचे ‘इम्पीरियल’ हे जुळे मनोरे, २०१० साली पुरे झालेले, २५४ मीटर. या शेवटच्या आकड्यात तर माथ्यावरच्या निमुळत्या शिखरांचीही उंची धरलेली आहे, जेथे माणूस राहत नाही आणि राहूही शकत नाही. ही कार्यालये नव्हेत, रुग्णालये नव्हेत, विद्यापीठे नव्हेत. हे सारे निवासी मनोरे आहेत, आणि त्यांतील निवास कोणाला परवडतो हे आम्ही सांगण्याची गरज नाही. नावेही बोलकी आहेत: कोणी राजवाडा, कोणी साम्राज्य, कोणी सारे जगच.

आता या चार नावांखालची जमीन पाहू. वरळीची इमारत उभी आहे ती श्रीराम मिलच्या जमिनीवर. लोअर परळची उभी आहे श्रीनिवास मिलच्या जमिनीवर. ताडदेव आणि महालक्ष्मी येथील मनोरे झोपडपट्टी पुनर्वसन योजनेखाली, झोपड्यांच्या जमिनीवर उभे राहिले. म्हणजे देशातील उंचीचा हा मुकुट गिरणी कामगाराच्या आणि झोपडीवासीयाच्या डोक्यावर पाय ठेवून उभा आहे. या वाक्यातला अलंकार काढून टाकला तरी वस्तुस्थिती तीच राहते.

गिरण्यांच्या जमिनीची कथा आमच्या गिरणगावातील धर्मग्रामांना नव्याने सांगायला नको. तरीही ती सांगावीच लागते, कारण नव्या पिढीला त्या जागी गिरणी होती एवढेच ठाऊक असते. ती कशी गेली हे ठाऊक नसते. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. तो संप पुरता कधी मिटलाच नाही. गिरण्या एकामागून एक विझत गेल्या. १९९१ साली शासनाने मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीत अठ्ठावन्नावा नियम घातला. गिरणीची जमीन विकायला काढली तर ढोबळ मानाने एक तृतीयांश महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक तृतीयांश म्हाडाला सामान्यांच्या घरांसाठी आणि उरलेली मालकाला, असे त्याचे सूत्र होते. १९९६ साली वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखाली शासनानेच अभ्यासगट नेमला. सगळ्या गिरण्यांच्या जमिनींचा एकत्रित विचार करावा, म्हणजे बागा, रस्ते, घरे यांचे सलग नियोजन करता येईल, असे त्याचे सांगणे होते. ते कपाटात राहिले. २००१ साली नियमात बदल झाला आणि वाटणी सगळ्या जमिनीची न होता फक्त रिकाम्या असलेल्या जमिनीची करावी असे ठरले. गिरणीच्या आवारात रिकामी जमीन ती कितीशी असणार? बहुतेक सारी शेडखाली, गोदामाखाली आणि यंत्रांखाली. एका दुरुस्तीने सार्वजनिक वाटा आटून गेला. पर्यावरणवादी नागरिक न्यायालयात गेले. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली त्यांच्या बाजूने निकाल दिला. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २००६ मध्ये तो फिरवला. त्यानंतर गिरणगावावर जे उगवले ते आज आपण यादीत वाचतो.

आणि कामगार? घरासाठी दीड लाखाहून अधिक गिरणी कामगारांनी आणि त्यांच्या वारसांनी अर्ज केले. घराची किल्ली हाती पडलेले त्यांच्यापुढे अगदी थोडे. इतरांसाठी शासनाने मार्च २०२४ च्या निर्णयाने शेलू आणि वांगणी यांचा पर्याय पुढे केला. मुंबईतच घर द्या, म्हणून या वृद्ध कामगारांनी आणि त्यांच्या मुलांनी जुलै २०२५ मध्ये आझाद मैदानावर मोर्चा आणला. शेलू आणि वांगणी ही कर्जतच्या वाटेवरची गावे आहेत. तेथे राहणे कमीपणाचे नाही. पण ज्याने परळला चाळीस वर्षे पाळी केली त्याला लोकलने दीड-दोन तास दूर पाठवायचे आणि त्याच्या साच्याच्या जागी तीनशे मीटरांचा मनोरा उभारून ‘देशाची उंची वाढली’ म्हणायचे, याला आम्ही प्रगती म्हणायला तयार नाही.

झोपडपट्टी पुनर्वसनाची बाजू थोडी निराळी आहे आणि ती न्यायाने मांडली पाहिजे. या योजनेत अनेक कुटुंबांना पक्के घर, स्वतःचा नळ आणि स्वतःचे शौचालय मिळाले. पावसाळ्यात रात्रभर भांडी मांडून गळती झेलणाऱ्या माऊलीला ते घर किती मोलाचे वाटते हे आम्ही घरोघरच्या भेटींत पाहिले आहे. परंतु योजनेचे गणित समजून घ्यावे. झोपडीवासीयांना फुकट घरे द्यायची आणि त्या बदल्यात विकासकाला विक्रीसाठी वाढीव बांधकाम द्यायचे. साहजिकच पुनर्वसनाच्या इमारती शक्य तितक्या कमी जागेत, एकमेकींना खेटून उभ्या राहतात आणि मोकळी झालेली जागा विक्रीच्या मनोऱ्याच्या वाट्याला जाते. गरिबांची घरे एकमेकांवर दाटीने रचली तर किती त्रास होतो हे पाहायचे असेल तर गोवंडीतील लल्लूभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंड या पुनर्वसन वसाहती पाहाव्यात. दोन इमारतींमध्ये इतके थोडे अंतर, की खालच्या मजल्यांवर ऊन पोहोचत नाही आणि वारा खेळत नाही. तेथील क्षयरोगाचा या रचनेशी असलेला संबंध अभ्यासकांनी २०१८ साली दाखवून दिला आहे. उंचीची यादी करणाऱ्यांनी याही मजल्यांची मोजणी करावी.

येथे एक साधा मुद्दा वाचकांच्या ध्यानी आणून द्यावासा वाटतो. जमीन खाजगी असू शकते. पण त्या जमिनीवर किती मजले चढवायचे याचा अधिकार खाजगी नसतो. तो चटईक्षेत्र निर्देशांकाच्या नियमाने ठरतो, आणि तो नियम लोकांच्या वतीने शासन करते. म्हणून नियमापलीकडचा प्रत्येक वाढीव मजला ही समाजाने दिलेली देणगी असते. कधी ती झोपडीवासीयांना घरे दिल्याबद्दल मिळते, तर कधी सार्वजनिक वाहनतळ बांधून दिल्याबद्दल. देणगी दिली तर पावती मागायचा हक्क देणाऱ्याला असतो. ती पावती आपण कधी मागितली?

पावती न मागितल्याने काय होते याची उदाहरणे थोडी नाहीत. दक्षिण मुंबईतील ‘प्रतिभा’ या छत्तीस मजली इमारतीने नियमाहून अधिक बांधकाम केल्याचे १९८० च्या दशकात उघडकीस आले. तिचे वरचे आठ मजले पाडण्यात आले आणि उरलेली इमारत समुद्राकडे पाहत अनेक दशके रिकामी उभी राहिली. नोएडातील जुळे मनोरे याहून प्रसिद्ध. शेजारच्या रहिवाशांनी वर्षानुवर्षे चिकाटीने लढा दिला. विकासक आणि प्राधिकरणाचे अधिकारी यांचे संगनमत होते असा ठपका ठेवून सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑगस्ट २०२१ रोजी ते पाडण्याचा आदेश दिला. २८ ऑगस्ट २०२२ रोजी सुमारे ३,७०० किलो स्फोटके लावून ते काही सेकंदांत जमीनदोस्त केले गेले. कुतुबमिनारहून उंच असलेले ते मनोरे, त्या दिवसापर्यंत भारतात पाडलेल्या बांधकामांत सर्वांत उंच ठरले. तेवढ्यापुरते आपले दूरदर्शन संच हर्षाने दुमदुमले. पण आम्हांला आठवतात ते शेजारचे रहिवासी. त्यांनी पहिल्या मजल्यालाच प्रश्न विचारला होता. उत्तर मात्र बत्तिसाव्या मजल्यानंतर मिळाले.

आमच्या म्हणण्यावर आक्षेप घेतले जातील आणि ते ऐकून घेतले पाहिजेत. पहिला आक्षेप असा, की मुंबईला तीन बाजूंनी समुद्र. जमीन कोठून आणायची? वर गेल्यावाचून गत्यंतर नाही. वर जाण्याला आमचा विरोध नाही. वाढत्या शहराला बहुमजली घरे लागणारच. पण दाट वस्ती आणि गगनचुंबी मनोरा या दोन निराळ्या गोष्टी आहेत. धारावी दाट आहे, ती गगनचुंबी नाही. आणि ज्या मनोऱ्यात एका मजल्यावर एकदोनच कुटुंबे राहतात तो कितीही उंच असला तरी त्याने घरांची टंचाई किती मिटवली? कोरिया यांनीच १९८३ साली ‘कांचनजंगा’ ही ८४ मीटरांची इमारत बांधली, म्हणजे त्यांना उंचीचे वावडे नव्हते. पण त्याच दशकात त्यांनी नवी मुंबईत बेलापूरला ‘आर्टिस्ट्स व्हिलेज’ची बैठी घरे अंगणांभोवती रचून दाखवली आणि जमिनीलगतही पुष्कळ कुटुंबे सुखाने राहू शकतात हे सिद्ध केले. प्रश्न उंचीचा नाही. ती कोणासाठी, हा आहे.

दुसरा आक्षेप असा, की इमारत उंच गेली की खाली जागा मोकळी होते. तेथे बागा होतात, मुले खेळतात. कागदावर हे खरे आहे. प्रत्यक्षात अनेक मनोऱ्यांचे खालचे कित्येक मजले मोटारींना दिलेले असतात आणि बाग असते ती त्या मोटारींच्या डोक्यावर, फाटकाच्या आत, रखवालदाराच्या नजरेखाली. रस्त्यापलीकडच्या चाळीतले पोर तेथे चेंडू घेऊन जाऊ शकत नाही. जी मोकळी जागा सर्वांना मोकळी नाही तिला मोकळी का म्हणावे?

तिसरा आक्षेप अभिमानाचा. जगात भारताची मान उंच व्हायला नको का? या आक्षेपाला आम्ही आकड्यांनीच उत्तर देतो. ४ एप्रिल २०१३ रोजी मुंब्र्याजवळ शिळफाट्याला एक बेकायदा सातमजली इमारत कोसळली. ७४ माणसे गेली. ऑगस्ट २०२५ च्या अखेरीस विरारला चारमजली इमारतीचा भाग कोसळून १७ जण मृत्युमुखी पडले, तीही अनधिकृतच. याच महानगर प्रदेशात देशातील सर्वांत उंच घरेही आहेत आणि देशातील सर्वांत असुरक्षित घरांपैकी काहीही. एकाच नियोजनाची ही दोन टोके आहेत. ज्याला तीनशे मीटरांवरचे परवडत नाही आणि ज्याच्यासाठी मधले काही बांधलेच जात नाही, तो सर्वसाधारण पगारदार नाइलाजाने बेकायदा इमारतीत जातो. घराला घर लागून असलेल्या देशाची मान सर्वांत उंच माथ्यावरून नव्हे, सर्वांत ठेंगण्या छपरावरून ठरावी.

जे वर राहतात त्यांच्याही सुरक्षिततेचा विचार कोणी केला आहे का? मुंबईच्या अग्निशमन दलाची सर्वांत लांब शिडी सुमारे ९० मीटरांपर्यंत पोहोचते. त्यावरच्या दोनशे मीटरांतील माणसांनी जिन्यावर, इमारतीतील पाण्याच्या यंत्रणेवर आणि नियमाने सोडलेल्या आश्रयमजल्यांवर विसंबायचे. ऑक्टोबर २०२१ मध्ये करी रोडच्या साठमजली मनोऱ्यात आग लागली ती एकोणिसाव्या मजल्यावर. म्हणजे शिडीच्या टप्प्यात. तरीही एका माणसाचा जीव गेला, आणि तो तेथील सुरक्षारक्षक होता. वरच्या मजल्यांवर राहणाऱ्यांसाठी वर धावून गेलेला, स्वतः कोठे तरी दूर, साध्या खोलीत राहणारा माणूस. यादीत त्याच्यासाठी रकाना नाही.

आणखी पन्नास वर्षांनी या मनोऱ्यांची डागडुजी कोण करणार, हाही प्रश्न विचारण्याजोगा आहे. जुन्या गोव्यातील संत ऑगस्टीन यांच्या मठाचा मनोरा आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. सतराव्या शतकाच्या आरंभी बांधलेले ते मंदिर त्या काळच्या गोव्याचे वैभव होते. शहर ओस पडले, १८३५ साली धर्मसंघांना घालवून देण्यात आले, आणि निगा राखणारे हात गेल्यावर १८४२ साली मंदिराचे छत कोसळले. १९३१ साली दर्शनी भिंत आणि अर्धा मनोराही पडला. आज ४६ मीटरांचा एक भग्न खांब उरला आहे. धर्माच्या नावाने बांधलेली उंचीसुद्धा निगेवाचून टिकत नाही. मुंबईत दुरुस्तीची वाट पाहणाऱ्या हजारो उपकरप्राप्त इमारती तर चार-पाच मजल्यांच्याच आहेत. त्यांची निगा आपल्याला झेपेना. ऐंशी मजल्यांच्या लिफ्टचे, पंपांचे आणि काचांचे काय होईल?

मर्यादा घालणे अशक्य आहे असेही कोणी म्हणू नये. लोअर परळच्या मनोऱ्याची मूळ योजना ४४२ मीटरांची होती; विमानांच्या मार्गामुळे परवानगी मिळाली नाही आणि तो २८० मीटरांवर थांबला. म्हणजे विमानासाठी आपण उंची अडवू शकतो. मग शेजारच्या चाळीत पडणाऱ्या उन्हासाठी का नाही? बार्सिलोनात अंतोनी गौदी यांनी ‘साग्रादा फामिलिया’ महामंदिराचा मधला मनोरा १७२.५ मीटरांचा आखला, तो शहरालगतच्या मोंजुईक टेकडीहून मुद्दाम थोडा ठेंगणा. टेकडी देवाने घडवली, माणसाचे काम तिच्याहून उंच नसावे, अशी त्यामागे त्यांची भावना होती. २०२५ साली ते जगातील सर्वांत उंच ख्रिस्तमंदिर ठरले. पण त्या उंचीच्या पोटात एक नम्र मर्यादा आधीपासून आखलेली आहे. बुरूज बांधायला निघालेल्या माणसाने आधी बसून खर्चाचा हिशेब करावा, हा शुभवर्तमानातील दाखला आपण दरवर्षी ऐकतो. आमच्या नगरांत बुरूज बांधणारा हिशेब करतोच, पण फक्त स्वतःचा. इतरांना पडणारा खर्च मोजायला कोणी बसत नाही.

म्हणून आमच्या काही साध्या मागण्या आहेत. नियमाबाहेर वाढीव बांधकाम मिळालेल्या प्रत्येक इमारतीच्या दर्शनी भागी एक फलक असावा. जमीन पूर्वी कशाची होती, कोणत्या सवलतीने किती मजले वाढले आणि त्या बदल्यात लोकांना नेमके काय मिळाले, हे त्यावर मराठीत लिहिलेले असावे. पाणी, सांडपाणी आणि अग्निशमन यांची सोय आधी सिद्ध झाल्यावाचून वरच्या मजल्यांना परवानगी देऊ नये. पुनर्वसनाच्या इमारतींना विक्रीच्या इमारतींइतकेच अंतर आणि तेवढेच ऊन मिळावे. आणि गिरणीच्या जमिनीवर गिरणी कामगाराचा हक्क मुंबईतच मान्य व्हावा.

शासनाकडे मागतो तसे काही आपल्या कुटुंबांकडेही मागतो. गिरणगावातील चाळींत, गावठाणांत आणि वसईच्या वाड्यांतही आता विकासकांची माणसे येऊ लागली आहेत. हिरव्या वसईसाठी फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिलेला लढा अजून विस्मृतीत गेलेला नाही. करारावर सही करण्यापूर्वी तो घरातील सर्वांसमोर, जाणत्या वकिलाकडून समजून घ्यावा. किती मजले चढणार, आपली इमारत कोठे येणार, तिच्या आणि शेजारच्या इमारतीच्या मध्ये किती अंतर राहणार, हे कागदावर लिहून मागावे. वयोवृद्ध आईवडिलांची समजूत घालण्याच्या नावाखाली त्यांचा अंगठा घाईने घेऊ नये. गावाचा वा शहराचा विकास आराखडा प्रसिद्ध झाला की त्यावर हरकती व सूचना नोंदवण्यासाठी कायद्याने ठरावीक मुदत दिलेली असते. ती मुदत बहुधा कोणाच्या ध्यानात येण्यापूर्वीच संपते. प्रत्येक धर्मग्रामात चार सुशिक्षित तरुणांनी ही सूचना वाचण्याचे, आराखड्याचा नकाशा आणून भिंतीवर लावण्याचे आणि लोकांच्या हरकती लिहून देण्याचे काम अंगावर घ्यावे. हरकत साध्या कागदावर, मराठीत लिहिता येते. तिच्यावर नाव, पत्ता आणि सही असावी, आणि दिल्याची पोच मागून घ्यावी.